गरोदरपणात व्हिटॅमिन डी ९.४, आणि राहते मुंबईत!

मृण्मयी_लालबाग

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, आधी यावर चर्चा झाली असेल तर सांगा. मला अठरावा आठवडा चालू आहे, पहिलटकरीण. परवा रिपोर्ट आले, हिमोग्लोबिन ठीक, थायरॉईड ठीक, शुगर ठीक, आणि शेवटच्या पानावर २५ ओएच व्हिटॅमिन डी ९.४, त्याच्यासमोर ठळक छापलेला खाली जाणारा बाण. डॉक्टरांनी आठवड्याला एक असे साठ हजार युनिटचे आठ सॅशे लिहून दिलेत आणि कॅल्शियम रोज दोनदा. बाहेर वीस-पंचवीस बायका बसलेल्या, त्यामुळे "कमी आहे, घ्या, घाबरू नका" एवढंच बोलणं झालं. दोष देत नाहीये त्यांना, खरंच वेळ नसतो.

घरी सासूबाई म्हणाल्या, अगं मुंबईत राहून उन्हाची कमतरता होईलच कशी, सकाळी सातला गॅलरीत कोवळ्या उन्हात बस दहा मिनिटं, पावडरी कशाला खायच्या. त्या प्रेमानेच सांगतात आणि मी बसतेही. पण समोर टॉवर झाल्यापासून आमच्या गॅलरीत ऊन येतं तेच साडेदहाला, तोवर मी ऑफिसच्या एसीत पोचलेली असते. सातला येतो तो नुसता उजेड.

मला मुळात समजून घ्यायचंय की हे डी शरीरात जाऊन करतं काय आणि बाळापर्यंत पोचतं कसं. साठ हजार हा आकडा वाचूनच पोटात गोळा येतो. बाळाला काही होणार नाही ना? पहिला सॅशे फ्रीजवर तसाच ठेवलाय अजून.

अबोली_मुलुंड

अभिनंदन गं! माझं पहिल्या वेळी ११ होतं, दुसऱ्या वेळी १४. आमच्या ऑफिसात ज्या ज्या मुलीने टेस्ट केली तिचं कमीच निघालं, एकीचंही धड नाही. मी दोन्ही वेळा सॅशे घेतलेत, मुलं छान आहेत. पण का घेतले ते मलाही कुणी सांगितलं नाही, त्यामुळे वाचतेय.

कल्याणी_विलेपार्ले

मृण्मयी, आधी अभिनंदन. मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते, डॉक्टर नाही, त्यामुळे मात्रा किती घ्यायची ते तुझ्या डॉक्टरांचंच ऐक. पण आत काय चालतं ते सांगते, माझा फार आवडीचा विषय आहे हा आणि गरोदरपणात तर तो जास्तच सुंदर होतो.

दळणाचं उदाहरण घे. धान्य, पीठ आणि पोळी.

धान्य म्हणजे डी३. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या कुळातला एक पदार्थ असतो, त्याच्यावर उन्हातले यूव्हीबी किरण पडले की त्याचं डी३ होतं. मासे, अंडं, सॅशे, गोळी यातून येतं तेही हेच धान्य. पण धान्य तसंच्या तसं खाता येत नाही ना, म्हणून ते गिरणीत जातं, आपली गिरणी म्हणजे लिव्हर. तिथे त्याचं २५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी होतं, हे झालं पीठ. पीठ डब्यात टिकतं, रक्तात ते अर्धं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तुझ्या रिपोर्टातलं ९.४ म्हणजे दर मिलिलिटर रक्तात ९.४ नॅनोग्रॅम पीठ. म्हणजे तुझी गिरणी ठीक, तवा ठीक, डबा मात्र तळाला लागलाय.

आता पोळी. ती लाटतात किडन्या. पिठाचं कॅल्सिट्रिऑल करतात आणि हेच खरं काम करणारं रूप, आतड्याला जाऊन सांगतं की जेवणातलं कॅल्शियम ओढून घे. पोळी गरम गरम आणि लागेल तेवढीच, काही तासांत संपते, साठवून ठेवता येत नाही.

एरवी किडन्या हिशोबाने लाटतात. रक्तातलं कॅल्शियम जरा उतरलं की मानेतल्या पॅराथायरॉईड ग्रंथी पीटीएच नावाचा हार्मोन सोडतात, तो किडनीला सांगतो की लाट पोळ्या. गरोदरपणात मात्र पीटीएच उलट खालच्या पातळीला असतो आणि तरी किडन्यांनी आच मोठी केलेली असते! बाराव्या आठवड्यापर्यंत कॅल्सिट्रिऑल साधारण दुप्पट झालेलं असतं आणि शेवटाकडे एरवीच्या दुप्पट-तिप्पट. वारेतून (म्हणजे प्लॅसेंटातून) आणि स्तनांतून येणारे हार्मोन्स, इस्ट्रोजेन, प्रोलॅक्टिन या सगळ्यांचा त्यात हात धरला जातो. आणि बाराव्या आठवड्यातच आतडं एरवीच्या दुप्पट कॅल्शियम ओढायला लागतं. बाळ तेव्हा केवढं असतं गं, बोटाएवढं, हाडंही धड नाहीत. जन्मापर्यंत त्याच्या सांगाड्यात साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम जातं, त्यातलं चारपंचमांश शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणजे पाहुणे जेवायला बसायच्या कितीतरी आधी तुझ्या शरीराने चूल पेटवून ठेवलेली असते. मी हे दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी मला भरून येतं.

आता बाळ. वारेतून पलीकडे पीठ जातं, पोळी सहजी जात नाही. बाळ स्वतःची पोळी स्वतः लाटतं, पण पीठ मात्र सगळं आईच्या डब्यातलं, दुसरीकडून यायला त्याला वाटच नाही. जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तातली पातळी आईच्या साधारण ६० ते ८० टक्के असते. तुझं ९ असेल तर बाळाचं सहा-सात. म्हणून डॉक्टरांनी डबा भरायला सांगितलाय.

श्वेता_ठाणे

कल्याणी काय सुंदर लिहिलंयस!! हे मला बारावीला कुणी असं शिकवलं असतं तर. एक प्रश्न, आम्ही पूर्ण शाकाहारी, तर सॅशेतलं डी कशापासून बनतं?

कल्याणी_विलेपार्ले

श्वेता, बहुतेक डी३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनवतात, त्याला लॅनोलिन म्हणतात. मेंढी मारावी लागत नाही, लोकर कातरतात त्यातलंच ते. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी दगडफुलासारख्या लायकेनपासून बनवलेलं मिळतं, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. मश्रूममधून मिळतं ते डी२, तेही चालतं, पण रक्तात डी३ जास्त टिकतं.

सुलभाताई_गिरगाव

मुलींनो, मी प्रसूती वॉर्डात नर्स होते, तीस वर्षं. मृण्मयीच्या सासूबाईंवर कुणी रागावू नका, आम्हीसुद्धा वॉर्डात हेच सांगायचो, बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन बस. ते सांगणं आलं काविळीवरून. नवजात बाळ पिवळं दिसायला लागलं की उजेडात ठेवायची पद्धत होती, कारण उजेडातला निळा भाग त्या पिवळेपणावर काम करतो, दवाखान्यातले निळे दिवे त्यासाठीच असतात. तो उजेड सकाळी सातलाही असतो. पुढे तेच वाक्य डी साठी लोकांच्या तोंडी बसलं. डी साठी लागणारे किरण कोवळ्या उन्हात जवळजवळ नसतातच हे मलाही नोकरीच्या शेवटी शेवटी एका ट्रेनिंगमध्ये कळलं. इतकी वर्षं मी बायकांना मनापासून चुकीचं सांगत आले याचं वाईट वाटतं, म्हणून आता जिथे विषय निघेल तिथे बोलते.

आणि एक. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये किमान दोन तास जाऊ द्या, कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. कॅल्शियम जेवणानंतर. सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते त्या गोळीत ५०० मिलीग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट डी असतं, चौदाव्या आठवड्यापासून दिवसाला दोन आणि बाळंतपणानंतरही सहा महिने. पुष्कळ जणी बाळ झालं की बंद करतात, तसं करू नका.

कल्याणी_विलेपार्ले

सुलभाताई, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. काविळीचा धागा माझ्या कधी लक्षातच आला नव्हता.

उन्हाचं थोडं सांगते. सकाळी सूर्य तिरपा असतो, किरणांना हवेतून लांबची वाट काटावी लागते आणि ओझोन यूव्हीबी वाटेतच गिळून टाकतो. सोपी खूण म्हणजे आपली सावली. ती आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हाच कातडीत डी बनायला लागतं, म्हणजे ढोबळ मानाने दहा ते तीन. काचेतून यूव्हीबी येत नाही, त्यामुळे बंद खिडकीजवळ बसून अंग तापतं पण डी बनत नाही. आपली सावळी कातडी स्वतःच छत्री धरून असते, तिला गोऱ्या कातडीपेक्षा बराच जास्त वेळ ऊन लागतं. त्यात जून ते सप्टेंबर ढग आणि बाकीचे महिने धुरकट हवा. मुंबईला ऊन भरपूर आहे पण ते आपल्या अंगावर पडतं कुठे, घरातून रिक्षा, रिक्षातून लोकल, लोकलमधून एसी.

एक गोष्ट बरी आहे, उन्हाने डी चा अतिरेक होत नाही. गरजेपेक्षा जास्त ऊन पडलं तर कातडी त्या मालाचे निकामी पदार्थ करून टाकते. गोळ्या-सॅशेला हा ब्रेक नाही.

नसीमा_कुर्ला

मी पण लिहिते. मी बुरखा घेते, आमची एकच खोली आहे आणि खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. मागच्या वेळी गरोदर असताना पायऱ्या चढताना मांड्यांत जोरच नसायचा, कंबर इतकी दुखायची की भांडी घासताना स्टुलावर बसायचे, सगळे म्हणायचे पोट मोठं आहे म्हणून. तपासल्यावर डी ६ निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या गच्चीवर जात जा, तिथे आडोशाला बाही वर करून बस. पण सोसायटीने गच्चीला कुलूप लावलेलं, चावी सेक्रेटरींकडे, रोज दुपारी कोण मागायला जाणार. माझ्या सासूनेच शेवटी जाऊन भांडून चावीची कॉपी करून आणली. आता आम्ही चार-पाच बायका जातो, लोणच्याच्या कैऱ्या वाळत घालायच्या निमित्ताने.

औषध पण घेतलंच, नुसत्या उन्हाने भागलं नसतं एवढ्या कमीवर. दोन-अडीच महिन्यांत जिने चढायला लागले.

मृण्मयी_लालबाग

नसीमा, तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

ताई, कल्याणी, किती छान समजावलंत. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं, काविळीचं ऐकून त्या म्हणाल्या, हो गं, तुझ्या नवऱ्यालाच पिवळा झाला म्हणून उन्हात धरून बसायचे मी. आज ऑफिसखाली लंच टाइममध्ये सावली बघितली, जेमतेम पायापुरती.

कल्याणी_विलेपार्ले

हो, कारण मे महिना आहे. १५ मेच्या आसपास मुंबईत सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. पण बाई गं, गरोदरपणात मे महिन्यात दीड वाजता उन्हात उभी राहू नकोस, चक्कर येईल. दहा-साडेदहाला हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ, पाणी पिऊन, एवढं पुरे. ९.४ चा खड्डा असाही नुसत्या उन्हाने भरणार नाही.

चारकोपचा_अमेय

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. बायको सातव्या महिन्यात आहे म्हणून बरंच वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस सरळ सांगते की सगळ्या गरोदर बायकांना सरसकट डी देऊ नका, कमतरतेचा संशय असेल तर दिवसाला २०० युनिट. ढाक्यात १३०० बायकांवर मोठी चाचणी झाली, २०१८ साली छापून आली, काही गटांना आठवड्याला २८,००० युनिटपर्यंत दिलं, तरी बाळांच्या वाढीत फरक नाही पडला. तिथल्या बायका, तिथलं जेवण, तिथलं ऊन आपल्यासारखंच. मग आपल्याकडे एवढे सॅशे का वाटतात? कमी आहे कमी आहे म्हणून प्रत्येक गरोदर बाईला घाबरवणं मला पटत नाही. हे माझं वैयक्तिक मत.

रेवती_कांदिवली

अमेय, तुमचं बरोबर असेल आकड्यांचं, पण माझ्या बहिणीचं सांगते. तिची कधी टेस्टच झाली नाही, गोळ्यांनी मळमळतं म्हणून कॅल्शियमही सोडलेलं. बाळ तीन किलोचं, गुटगुटीत, रडलं बिडलं सगळं व्यवस्थित, घरी आलो, बारशाची यादी करत होतो. आठव्या दिवशी दूध पिता पिता त्याची हनुवटी थरथरायला लागली, मग एक हात, मग डोळे एका बाजूला गेले. मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते, मला ती हनुवटी अजून दिसते. रिक्षाने नेलं, दवाखान्यात कॅल्शियम अगदी खाली निघालं, सलाईनमधून हळूहळू दिलं तेव्हा झटके थांबले. मग आईचं डी तपासलं तर ५, बाळाचं त्याहून कमी. बाळ आता पाच वर्षांचं आहे, एकदम चांगलं आहे. पण हे एवढ्याशा थेंबांनी टळणारं होतं हे कळल्यावर माझी बहीण किती दिवस रडत होती.

चारकोपचा_अमेय

रेवती, हे वाचून हललो. असं काही होऊ शकतं हे माझ्या वाचनात आलंच नव्हतं. पण जन्मताना बाळ ठणठणीत आणि आठव्या दिवशी झटके, असं का?

कल्याणी_विलेपार्ले

अमेय, याचं उत्तर मला नीट द्यायचंय.

पोटात असताना बाळाला आतड्यातून कॅल्शियम घ्यावंच लागत नाही. वार ते आईच्या रक्तातून पंपासारखं ओढून बाळाला देते, इतकं की बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम आईपेक्षा जास्त असतं, आणि या पंपाला डी ची फारशी गरज पडत नाही. म्हणून आईचा डबा रिकामा असला तरी बाळ बहुतेक वेळा जन्मताना छान दिसतं, वजनही छान. नाळ कापली की पंप बंद. आता कॅल्शियम दुधातून आणि आतड्यातून घ्यायचं, त्याला लागते पोळी, पोळीला लागतं पीठ, आणि पीठ तेवढंच जेवढं आईकडून नऊ महिन्यांत आलं. ते नसेल तर पहिल्या दुसऱ्या आठवड्यात रक्तातलं कॅल्शियम घसरत जातं. काहींना झटके येतात, काहींची टाळू मोठी आणि कवटी मऊ राहते, काहींना पुढे वर्षभरात मुडदूस. सगळ्यांना होत नाही हे असं, बहुतेकांना नाही होत, पण ज्यांचं पाच-सहा असतं त्यांना धोका खरा आहे.

आणि ढाक्याची चाचणी तुम्ही सांगितलीत ती मी पण मानते. ती काय विचारत होती ते बघा, सरसकट डी दिलं तर बाळं जास्त वाढतात का. उत्तर आलं नाही. ब्रिटनमध्येही २०१६ साली एक चाचणी छापून आली, चौदाव्या आठवड्यापासून रोज १००० युनिट, एकूण बाळांच्या हाडांत फरक नाही, मात्र हिवाळ्यात जन्मलेल्या बाळांत फरक दिसला, म्हणजे ज्या आयांच्या शेवटच्या महिन्यांत ऊनच नव्हतं त्यांच्यात. मला यातून हेच दिसतं की रिकामा डबा भरण्याने फायदा होतो, भरलेल्यात आणखी ओतून नाही. गरोदरपणात पिठाबरोबर पोळ्याही वाढतात, एरवी असं फारसं होत नाही, पण तेही ४० नॅनोग्रॅमच्या आसपास थांबतं. त्यापुढे कितीही पीठ घाला, पोळ्या तेवढ्याच.

त्यामुळे घाबरवू नये याबद्दल मी तुमच्याच बाजूने. ९.४ वाल्या मुलीला मात्र भरून द्यायला हवं.

चारकोपचा_अमेय

पटलं. बायकोची टेस्ट झालीच नाहीये, उद्या डॉक्टरांना विचारतो. धन्यवाद.

निखिल_भांडुप

नमस्कार, मी पण नवराच. मिसेसचा बत्तिसावा आठवडा. आमच्याकडे उलटंच झालंय, रिपोर्टात व्हिटॅमिन डी जास्त आलंय, रेंजच्या बाहेर, वरचा बाण! सॅशे फक्त चार झालेत. दोन रात्री झोप नाही दोघांना. रिपोर्टवर लिहिलंय १,२५ डायहायड्रॉक्सी.

कल्याणी_विलेपार्ले

निखिल, आधी शांत व्हा. ही वेगळी टेस्ट आहे, यात पोळ्या मोजल्यात, पीठ नाही. फॉर्म भरताना किंवा बुकिंग करताना नावांत गोंधळ झालेला दिसतोय, नावं अगदी सारखी आहेत. बत्तिसाव्या आठवड्यात कॅल्सिट्रिऑल दुप्पट-तिप्पट असणं हेच अपेक्षित आहे आणि रिपोर्टवर छापलेली रेंज गरोदर नसलेल्यांची असते. साठा किती ते यावरून कळत नाही. डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवा आणि २५ ओएच वाली करून घ्यायची का ते विचारा.

निखिल_भांडुप

बायकोला उठवून वाचून दाखवलं. थँक यू मॅडम, आज झोपू.

श्वेता_ठाणे

अजून एक, हे पोळ्या लाटायचं काम वार पण करते असं कुठेतरी वाचलं होतं?

कल्याणी_विलेपार्ले

करते, वारेत आणि गर्भाशयाच्या अस्तरात ते एन्झाइम असतं, पण ते बरंचसं तिथल्या तिथे वापरायला. मुख्य काम आईच्या किडन्यांचंच. डायलिसिसवर असलेल्या, किडन्या नसलेल्या एका गरोदर बाईच्या रक्तात कॅल्सिट्रिऑल कमीच राहिलं होतं, वारेने भरून काढलं नाही, त्यावरून हे कळलं.

अबोली_मुलुंड

जास्त झालं तर काय होतं तेही लिहा कुणीतरी. माझ्या नात्यात एकीने आठवड्याचा सॅशे रोज घेतला, चिठ्ठीवरचं अक्षर लागलं नाही आणि दुकानदाराने दहाची पट्टी हातात दिली. उलट्या, तहान, बद्धकोष्ठ, आणि सगळे म्हणत होते गरोदरपणात होतंच असं. कॅल्शियम वाढलेलं निघालं, चार दिवस ॲडमिट.

सुलभाताई_गिरगाव

अगदी हेच होतं, त्रास गरोदरपणाच्या मळमळीसारखाच दिसतो म्हणून लक्षात येत नाही. सॅशे आणाल त्या दिवशी कॅलेंडरवर वार ठरवून खूण करा. आमच्याकडे मी बायकांना सांगायचे, गुरुवार तर गुरुवार, दुधाबरोबर किंवा जेवणानंतर, म्हणजे तेलातुपाबरोबर अंगी लागतं. आणि शेजारणीचे उरलेले सॅशे घेऊ नका.

कल्याणी_विलेपार्ले

ताईंना अनुमोदन. साठ हजार म्हणजे दीड मिलीग्रॅमच, आकडा मोठा वाटतो कारण युनिटच बारीक आहे, एका मायक्रोग्रॅमला ४० युनिट. पण ती औषधाची मात्रा आहे, रोजचा खुराक नव्हे. आपल्या आयसीएमआरच्या २०२० च्या तक्त्यात रोजची गरज ६०० युनिट धरलीय आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय दिवसाला ४००० च्या वर जाऊ नये असं मानतात. काही डॉक्टर गरोदरपणात सॅशेऐवजी रोजची छोटी गोळीच पसंत करतात, तेही विचारून बघता येईल. जेवणातून फार मिळत नाही, एका अंड्याच्या बलकात ४० च्या आसपास, बांगडा-तारलीत बरं असतं, फोर्टिफाइड दुधात लिटरला दोन-तीनशे.

एक महत्त्वाचं. कुणाला आधी मुतखडे झाले असतील, किंवा घरात बऱ्याच जणांना असतील, तर डी सुरू करायच्या आधी डॉक्टरांना सांगा. शिळं डी मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं, काही थोड्या घराण्यांत त्याचा जीन बिघडलेला असतो. एरवी चालून जातं, पण गरोदरपणात आच मोठी झाली की कॅल्शियम एकदम चढतं.

मृण्मयी_लालबाग

आज गुरुवार. पहिला सॅशे दुधातून घेतला, सासूबाईंनीच कात्रीने कापून दिला. कॅलेंडरवर आठ गुरुवारांना त्यांनी कुंकवाचं बोट लावून ठेवलंय.

मृण्मयी_लालबाग

धागा वर काढतेय. तिसाव्या आठवड्यात परत टेस्ट केली, ३३ आलं! डॉक्टर म्हणाले आता सॅशे बंद, रोजची १००० ची गोळी. पायातले वांब कमी झालेत, ते डी मुळे की कॅल्शियममुळे माहीत नाही. सगळ्यांना खूप खूप धन्यवाद.

नसीमा_कुर्ला

माशाल्ला! आमच्या गच्चीत आता आठ जणी येतात.

मृण्मयी_लालबाग

मुलगी झाली, २.९ किलो, आज बाराव्या दिवशी लिहितेय, एका हाताने. बाळाच्या डॉक्टरांनी डी चे थेंब दिलेत रोज ४०० युनिट, वर्षभर. आई म्हणते आईच्या दुधात सगळं असतं, मग वरून कशाला? माझं डी आता चांगलं आहे तरी लागतं का?

कल्याणी_विलेपार्ले

खूप खूप अभिनंदन!! लागतं गं. आई बाकी सगळं बरोबर सांगतेय, पण डी ला दुधात जायची वाट फार अरुंद आहे. वारेतून पीठ जायचं, दुधात मात्र पीठ जवळजवळ जात नाही, थोडं धान्य जातं आणि तेही तू रोज घेशील तेवढ्यातलं चिमूटभर. तिच्या डब्यात तू भरून दिलेलं आहे, पण ते काही आठवड्यांत उतरत जाईल. थेंबच द्यायचे.

सुलभाताई_गिरगाव

लेकीला आशीर्वाद. थेंबांची बाटली हातात घेऊन बघ, एक मिलीत ४०० लिहिलंय की ८००. दोन्ही मिळतात आणि ड्रॉपर सारखेच दिसतात.

मृण्मयी_लालबाग

ताई, आत्ता उठून दिव्याखाली बघितलं. ८०० ची आहे. आम्ही तीन दिवस पूर्ण एक मिली देत होतो. डॉक्टरांना फोन केला, म्हणाले तीन दिवसांनी काही होत नाही, आजपासून अर्धा. सासूबाईंनी ड्रॉपरवर अर्ध्या खुणेला लाल नेलपेंटची रेघ मारून ठेवलीय.